आधी वही घे, मग रिमोट

केबल तोडू का, असं विचारतेस. तोड की! पण आज नको, आणि रागाच्या भरात तर मुळीच नको. बिल वाढलं म्हणून चिडून दुपारी बॉक्स परत देऊन टाकायचा आणि संध्याकाळी सासूबाई टीव्हीसमोर येऊन बसल्या की तोंड लपवायचं, हे काही बरं नाही बघ. तुझ्या डोक्यात सध्या काय काय चाललंय ते मला कळतं. मुलांची फी, गॅस, दूधवाला, त्यात कोणी म्हणतं हे अ‍ॅप स्वस्त, कोणी म्हणतं ते फुकट. गोंधळायला होणारच. पण महिन्याचा किराणा तू एका पगारात बसवतेस ना गं? मग हे तुला अवघड नाही.

पहिलं काम बिलाचं. केबलवाल्या दादाकडून नीट बिल मागून घे, नुसता ‘इतके झाले वहिनी’ असा तोंडी आकडा नको. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम असा आहे की आपण ज्या वाहिन्या निवडू त्यांचेच पैसे द्यायचे. बिलात एक असतं नेटवर्कचं भाडं, दुसरं पैसे मोजून बघायच्या वाहिन्यांचं, आणि वर १८ टक्के जीएसटी. नेटवर्कच्या भाड्याला पूर्वी कमाल मर्यादा होती, २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, त्यामुळे आपल्याला किती लावलंय ते आता विचारावंच लागतं. खरी गंमत मात्र दुसऱ्या भागात असते. आपण कधी निवड केलीच नाही, म्हणून एक भलंमोठं पॅकेज आपल्या गळ्यात पडलेलं असतं आणि त्यात घरात कोणालाही न कळणाऱ्या भाषांच्या वाहिन्यांचे पैसे आपण वर्षानुवर्षं भरत असतो. तुझं पॅकेज लहान करून घेतलंस आणि तेवढ्यावर भागलं, तर पुढचं सगळं वाचूच नकोस. खुशाल चहा टाक.

नाही भागलं? मग वही काढ. आठवडाभर घरात कोण काय बघतं ते लिहून ठेव. ‘आम्हाला सगळंच लागतं’ असं घरातलं प्रत्येक माणूस म्हणतं, आणि वहीत बघावं तर प्रत्येकाच्या नावापुढे दोनतीन गोष्टी. सासूबाईंच्या ठरलेल्या मालिका. तुझ्या अहोंच्या बातम्या आणि क्रिकेट. मुलांचं कार्टून, तेही बहुतेक यूट्यूबवरच. खरं सांगू का, आमच्या वहीत माझ्या नावापुढची ओळ कोरी निघाली होती. टीव्ही चालू असायचा आणि मी पोळ्या लाटत नुसती ऐकायची. तुझ्या ओळीत काय येतं ते मला नक्की कळव.

आता त्या यादीसमोर एकेक अ‍ॅप मांड. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्हींच्या मालिका जिओहॉटस्टारवर मिळतात, कारण हॉटस्टार आणि जिओसिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाले. झी मराठीच्या मालिका झी५ वर आणि सोनी मराठीचं सोनी लिव्हवर. म्हणजे सासूबाई फक्त प्रवाह बघत असतील तर एकच अ‍ॅप पुरे. त्या साडेसातला प्रवाह आणि आठला झी बघत असतील तर मात्र पंचाईत, पण त्याचाही मार्ग पुढे सांगते. बातम्यांसाठी पैसे देऊ नकोस. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास ही सगळी मंडळी यूट्यूबवर थेट चालू असतात. दूरदर्शनचं स्वतःचं वेव्ह्ज नावाचं अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावरही बरंच काही फुकट बघायला मिळतं.

क्रिकेटचं जरा नीट ऐक, कारण घरातली निम्मी भांडणं तिथेच होतात. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. त्यामुळे सगळ्या पुरुषमंडळींच्या डोक्यात बसलंय की मोबाइलवर मॅच फुकटच असते. २०२५ पासून तसं राहिलं नाही, थोडा वेळ दाखवतात आणि मग पैसे मागतात. तेव्हा आयपीएलच्या दिवसांत जिओहॉटस्टार लागेल हे धरून चाल. भारताच्या वर्ल्डकपच्या मॅचेस मात्र २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला द्याव्या लागतात आणि त्या डीडी फ्री डिशवर दिसतात.

अ‍ॅप घेताना एक मेख लक्षात ठेव. सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन बहुतेक वेळा फक्त मोबाइलचा असतो. जिओहॉटस्टार आलं तेव्हा १४९ रुपयांत तीन महिने होते ते मोबाइलपुरते, टीव्हीवर बघायला २९९ चा प्लॅन लागायचा. दर सारखे बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आधी ‘टीव्हीवर चालतं का’ आणि ‘एका वेळी किती ठिकाणी चालतं’ एवढं वाचच.

आणि आता सगळे जे सांगायचं टाळतात ते. अ‍ॅप स्वस्त असतं गं, पण ते ज्यावर चालतं ते नेट स्वस्त नसतं. ‘मोबाइलचा हॉटस्पॉट लावू’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून दे. चांगल्या दर्जाचं चित्र तासाला साधारण ३ जीबी खातं, जरा धुरकट चाललं तरी १ जीबी जातंच. तुझा रोजचा दीड-दोन जीबी एका मालिकेत आणि अर्ध्या बातम्यांत संपेल आणि मुलाचा अभ्यासाचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसेल. म्हणजे वायरीचं नेट हवं. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांचा, जीएसटी धरून ४७१ च्या आसपास जातो, आणि एका टीव्हीला तेवढा वेग भरपूर होतो. पण बघ, केबलचे साडेतीनशे वाचवायला पावणेपाचशेचं नेट घ्यायचं आणि वर अ‍ॅपचे पैसे, तर बचत कुठे झाली? नेट फक्त टीव्हीसाठी घ्यायचं असेल तर सरळ सांगते, केबलच ठेव आणि पॅकेज लहान कर.

हिशेब जमतो तो तीन घरांत. ज्यांच्याकडे मुलांच्या अभ्यासाला किंवा घरून काम करायला नेट आधीच आहे. ज्यांच्याकडे दोन टीव्ही आहेत आणि दोन बॉक्सांचं भाडं जातंय. आणि नेट घेतल्यावर ज्यांच्या घरातले मोबाइलचे मोठे रिचार्ज लहान करता येतात. हे तिसरं बायका विसरतात. घरात वायफाय असेल तर चार माणसांनी रोज दोन-दोन जीबीचा रिचार्ज मारायची गरज काय? ती बेरीज कर, तिथेच खरे पैसे सापडतात.

तुमच्या गल्लीत कोणाची वायर येते ते शेजारी विचार. आपल्या मालेगावात कॅम्पात एक चांगलं चालतं आणि संगमेश्वरात दुसरंच, जाहिरात बघून ठरवू नकोस. कित्येकदा केबलवाला दादाच नेटही देतो. त्याच्याशी दोन शब्द गोड बोल. इतकी वर्षं पावसात खांबावर चढून त्यानेच आपल्या मालिका वाचवल्यात, आणि नेट त्याच्याकडून घेतलंस तर बिघाड झाल्यावर हाकेला धावून येणारं माणूस ओळखीचं राहतं. त्याला एक गोष्ट स्पष्ट विचार: कनेक्शन महिनाभर तात्पुरतं बंद ठेवता येईल का? ट्रायच्या २०१७ च्या नियमांत ही सोय आहे. आधी कळवायचं, पूर्ण महिन्यांसाठी बंद ठेवायचं, आणि त्या काळाचं नेटवर्कचं भाडं नि वाहिन्यांचे पैसे द्यायचे नाहीत. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, आज तोडू नकोस. बॉक्स कपाटात ठेव, महिनाभर नव्या पद्धतीने घर चालतं का ते बघ. नाही चाललं तर बॉक्स परत लावला, कोणाला काय कळतंय.

लाइट गेली की काय, हे तू विचारायच्या आधीच सांगते. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, राउटर नसतो, आणि ऐन क्लायमॅक्सला चाक फिरायला लागतं. राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घे, किंवा त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो तो लाव. सासूबाईंना एवढंच सांगून ठेव की आता एपिसोड हुकत नाही, लाइट आल्यावर तिथूनच पुढे बघता येतो. पहिल्यांदा त्यांना पटणार नाही. एकदा मालिका मध्येच थांबवून पाणी पिऊन आल्या की पटेल.

टीव्ही जुना असेल तर लगेच नवा घ्यायला धावू नकोस. मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते बघ. असेल तर एक स्टिक लावून तोच टीव्ही स्मार्ट होतो. अगदी डबा टीव्ही असेल तर त्याला फ्री डिश लाव, त्याच्या बॉक्सला जुनी तीन रंगांची पिन चालते. फ्री डिश म्हणजे सरकारी छत्री, २००४ पासून आहे, एकदा छत्री-बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचं काही नाही. सह्याद्री दिसतं, सिनेमे, भजनं, बातम्या दिसतात. खासगी मराठी वाहिन्या लिलावाप्रमाणे येतात-जातात, तेव्हा लाडकी मालिका तिथे सापडेलच असं धरू नकोस. तुझे आईबाबा सटाण्याकडे मळ्यात राहतात, तिथे नेट रडतं. त्यांना हेच लावून दे. अ‍ॅपच्या भानगडीत त्यांना पाडूच नकोस.

आता ते दोन अ‍ॅपचं, प्रवाह आणि झी दोन्ही हवं असेल तेव्हाचं. हे अगदी सेलमधल्या साड्यांसारखं आहे गं, प्रत्येक स्वस्त म्हणून घ्यायची आणि पिशवी उचलताना बिल बघायचं. माझा घरातला नियम एकच: पैशाचं अ‍ॅप एका वेळी एकच. तीन महिने जिओहॉटस्टार, मग ते बंद आणि झी५. मालिका कुठे पळून जात नाहीत, मागचे भाग तिथेच पडलेले असतात, आणि मालिकेतली सून तीन महिन्यांनी बघितली तरी त्याच जिन्यावर उभी राहून तेच ऐकत असते. सासूबाईंना दोन्ही रोज हवंच असेल तर दुसऱ्याचे पैसे दे आणि तुझं सिनेमाचं एखादं अ‍ॅप असेल तर त्याला सुट्टी दे. घरातली शांतता त्याहून महाग आहे.

पैसे भरताना ‘ऑटोपे’ची खूण नीट बघ. एकदा हो म्हटलं की दर वेळी खात्यातून आपोआप जातात. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे, पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. पण तो मेसेज कर्जाच्या आणि सोन्याच्या जाहिरातींत बुडून जातो. म्हणून मी अ‍ॅप घेतल्या दिवशीच ऑटोपे बंद करते, भरलेल्या मुदतीपर्यंत ते बहुधा चालूच राहतं. यूपीआयच्या अ‍ॅपात ऑटोपेची यादी असते, ती आज रात्री उघडून बघ. काहीतरी सापडेलच, पैज लाव.

आणि रिमोट. इथे घाई केलीस तर सगळं मुसळ केरात. मी हौसेने सासूबाईंना सगळी अ‍ॅपं एकदम दाखवायला गेले, तर त्या शांतपणे उठून वाती वळायला बसल्या. त्यांचं काय चुकलं? केबलला एक नंबर दाबला की काम व्हायचं. तेव्हा पहिल्या पानावर त्यांची दोनच अ‍ॅपं ठेव, बाकीची मागे सरकव. पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बस आणि रिमोट त्यांच्याच हातात दे. मुलांचं प्रोफाइल वेगळं कर, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लाव, आणि तो पिन मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नकोस.

बाकी करमणुकीची चिंता मालेगावच्या बाईने करावी का गं? इथे नासिर शेख नावाच्या माणसाने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता ‘मालेगाव के शोले’ काढला, गावातल्याच पोरांना घेऊन. फैजा अहमद खान यांनी त्या वेडावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये थिएटरातून थेट प्राइमवर आला. लूमवर राबून सुट्टीच्या शुक्रवारी थिएटरला रांग लावणारं गाव आहे आपलं. यूट्यूबवरचा छोटू दादाही मालेगावचाच, आणि अहिराणी गाणी नि नकला तर तिथे ढिगाने आहेत, एक रुपया न देता. माझ्या सासूबाई आता मालिकेपेक्षा अहिराणी जास्त बघतात, त्यामुळे आमचं पैशाचं अ‍ॅप कित्येकदा बंदच असतं.

तर आजपासून वही. रविवारी ती समोर ठेवून मला फोन कर, आणि नेटवाल्याला हो म्हणायच्या आधी जोडणीचे पैसे वेगळे आहेत का, राउटर आपला की त्याचा, आणि सहा महिन्यांचे आगाऊ मागतोय का, एवढं विचारून ठेव.