बाटली घेण्याआधी तळं मोजा

वर्ध्याच्या केळझर-सेलूकडे शेततळ्यात झिंगे सोडायचे म्हटलं, की बियाण्याच्या पिशवीमागोमाग औषधाची बाटली पुढे येतेच. त्यात आता ‘फाज’ही आला. फाज म्हणजे फक्त जिवाणूंना लागणारा विषाणू. जिवाणूत शिरतो, आत आपली पिल्लावळ वाढवतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. अँटिबायोटिकसारखा अवशेष मालात उरत नाही, म्हणून निर्यातवाल्यांना त्याचं अप्रूप. विद्या खरी आहे. प्रश्न खिशाचा आहे.

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं 30 बाय 30 बाय 3 मीटरचं. काठ उतरते, म्हणून तळाशी 24 बाय 24 उरतं. दीड मीटर पाणी ठेवलं तर सुमारे 9 लाख 77 हजार लिटर होतं. समजा, लेबलवर हजार लिटरला 10 मिली लिहिलंय आणि लिटरचा भाव 1,000 रुपये आहे. दोन्ही आकडे हिशेबापुरते. तुमच्या बाटलीवरचे घाला. एका मात्रेला पावणेदहा लिटर, 9,770 रुपये. तीन मात्रा झाल्या की 29,310. ही योजना 2016 साली आली तेव्हा तळं खोदायला मिळणारं अनुदानच जास्तीत जास्त 50,000 होतं!

तेच औषध 10,000 लिटरच्या टाकीत 100 रुपयांत भागतं. म्हणून फाज शोभतो हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार होतात तिथल्या टाक्यांत. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2007 च्या सुमारास तो व्हिब्रिओ हार्वेयी या जिवाणूवर वापरून पाहिला, तोही हॅचरीतच. या जिवाणूचा रोग आला की रात्री दिवा मालवल्यावर टाकीतली पिल्लं निळसर-हिरवी चमकतात. दिसायला सुंदर, पण पिल्लं मरणाच्या वाटेवर असतात.

हे दुखणं खाऱ्या पाण्याचं. आपल्याकडचा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो. त्याच्या अगदी लहान पिल्लांनाच निमखारं पाणी लागतं, आणि तो काळ हॅचरीतच सरतो. तेव्हा फाजची चौकशी बियाणं देणाऱ्याकडे करा, खर्चही त्याचाच. शिवाय झिंग्याचा पांढऱ्या शेपटीचा रोग विषाणूचा, कोळंबीवरचा पांढऱ्या ठिपक्यांचाही. तिथे फाज ओतणं म्हणजे पाण्यात पैसे.

तरीही कुणी गळ घातलीच, तर बाटली उलटी-पालटी करून बघा. कोणत्या जिवाणूवर चालतो ते लिहिलंय? एका जातीच्या जिवाणूवरचा फाज दुसऱ्या जातीला सहसा शिवतही नाही. मिलिलिटरमागे किती जिवंत फाज, कधी भरले, कसे साठवायचे? हे नसेल तर ते रंगीत पाणी समजा. बर्फाच्या डब्याचं भाडंही किमतीत धरा. मे महिन्यातल्या वर्ध्यात दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीचा भरवसा कोण देणार? ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात तर फाज आधी मरतो.

झिंगे मरत असतील तर पहिला खर्च तपासणीचा. नागपूरच्या तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, केळझरहून साधारण 50 किलोमीटर. निघण्यापूर्वी फोन करून नमुना कसा आणायचा आणि शुल्क किती ते विचारा. मेलेले नकोत; मरायला टेकलेले जिवंत झिंगे आणि तळ्याचं पाणी वेगवेगळं न्या.

आणि पहाटे झिंगे काठाशी गोळा होऊन बसलेले दिसले, तर बाटली शोधत बसू नका. प्राणवायू कमी पडलाय. आधी मोटर लावा.