मोटारींतील गारवा कोठें अडतो?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन कसें असतें, हें तुम्हांस निराळें सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला म्हणजे उन्हांत उभी असलेली बंद मोटार आंतून बाहेरच्या हवेहूनहि पुष्कळ अधिक तापते. अशा मोटारींत वृद्ध, आजारी मनुष्य किंवा तान्हें मूल असेल, तर ज्यास आपण ‘एसी’ म्हणतों तें यंत्र केवळ चैनीची वस्तु राहत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत आम्ही आमच्या वृद्ध मातुःश्रींना डोळ्यांच्या तपासणीसाठीं भाड्याच्या मोटारीनें नागपुरास नेत होतों. गाडी वेगांत असे तोंपर्यंत गारवा बरा वाटे. परंतु कळंबच्या गर्दींत ती थांबली, तेव्हां कोमट वारा येऊं लागला. देवळीपाशीं पुन्हां तोच प्रकार झाला व मातुःश्रींचा जीव घाबरा झाला. चालक बिचारा सज्जन. तो म्हणाला, “गॅस संपला असेल, सर. या उन्हाळ्यांत दोनदां भरला, तरी असंच होते.” दोनदां पैसे गेले आणि दुखणें मात्र होतें तेथेंच! हें असें कां झालें, तें समजण्यासाठीं प्रथम यंत्राचें कार्य समजून घेऊं.

मडक्यांतील पाणी उन्हाळ्यांत गार कां राहतें? मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तें मडक्यांतून व आंतील पाण्यांतूनच घेतें. मोटारींतील यंत्राचें मर्म हेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें वाफ वाऱ्यावर सोडून न देतां तिचा पुन्हां द्रव करून घेतात. पुष्कळ गाड्यांत यासाठीं आर-१३४ए नांवाचा पदार्थ वापरतात. हवेच्या साध्या दाबाखालीं तो उणे २६ अंशांवरच उकळतो.

डॅशबोर्डाच्या मागें नळ्यांचें एक जाळें असतें. मिस्त्री त्यास कूलिंग कॉइल म्हणतात. तेथें हा द्रव कमी दाबाखालीं उकळतो व गाडींतील हवेची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून जोरानें दाबतो. दाबल्यामुळें ती बाहेरच्या हवेहूनहि अधिक तापते. म्हणूनच गाडीच्या तोंडाशीं बसविलेल्या कंडेन्सरमध्यें आपल्याकडील उन्हाळ्याचा वारासुद्धां तिला निववूं शकतो. निवून ती द्रव होते, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेनें जातांना तिचा दाब उतरून चक्र पुन्हां सुरू होतें. तात्पर्य, यंत्र गारवा उत्पन्न करीत नाहीं. तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. म्हणून गारवा नाहींसा झाला असतां एकच प्रश्न विचारावा : उष्णता वाटेंत कोठें अडली?

या प्रश्नाचें उत्तर क्रमानें शोधावें.

(१) वारा पुरेसा येतो काय? तो क्षीण असल्यास आंतील हवेची जाळी, म्हणजे फिल्टर, धुळीनें भरली आहे काय तें पाहावें. बहुतेक गाड्यांत ती डाव्या बाजूच्या कप्प्यामागें असते. वारा मुळींच नसेल, तर ब्लोअरचा फ्यूज किंवा मोटर तपासावी लागते.

(२) वारा जोराचा असून कोमट आहे काय? बाहेरची हवा आंत घेण्याचें बटण चुकून चालू राहिलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. हीटरची झडप अडकली असेल, तर गार हवेंत गरम हवा मिसळते. त्यानंतर कॉम्प्रेसर. पुष्कळ गाड्यांत एसी सुरू करतांच त्याचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून पकड घेतो. तो घेत नसल्यास फ्यूज, पट्टा किंवा क्लच यांत दोष असूं शकतो. अथवा गॅस फार कमी झाल्यानें दाबाच्या स्विचानें त्यास थांबविलें असेल.

(३) गाडी चालतांना गार आणि थांबतांच कोमट, असें होतें काय? तर संशय कंडेन्सरवर व त्याच्या पंख्यावर घ्यावा. वेगांत आयता वारा मिळतो. थांबल्यावर सारी भिस्त पंख्यावर असते.

(४) प्रथम गार, आणि बऱ्याच वेळानें वारा मंद होतो काय? तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरला असावा. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला असतां वारा पूर्ववत् झाला, तर हा तर्क बळावतो.

(५) गारवा आठवड्यामागून आठवडे कमी होत गेला काय? तर गॅसची गळती असावी. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसणें ही तिची नेहमींची खूण होय.

गाडीखालीं ठिबकणारें स्वच्छ पाणी मात्र दोष नव्हे. तें हवेंतील बाष्पाचें पाणी असून पावसाळ्यांत अधिक ठिबकतें.

आमच्या चालकाची गाडी कोणत्या प्रकारची, हें आतां तुम्हीच ओळखलें असेल. वर्धेस एका वृद्ध मिस्त्र्यानें दोन्ही बाजूंचे दाब मोजले. दोन्ही अधिक निघाले. गॅस कमी असता, तर ते कमी निघाले असते. मग त्यानें कंडेन्सर दाखविला. हंगामांत ही गाडी कापसाच्या गाड्यांमागून जिनिंगच्या वाटेनें नित्य जात असे. रुईचे तंतु व धूळ मिळून त्यावर जणूं नमदाच बसला होता. त्यांत पंख्याचा फ्यूज जळालेला. वर दोनदां भरलेला जादा गॅस त्रासांत भरच घालीत होता. मिस्त्र्यानें मऊ धारेनें कंडेन्सर धुतला, कारण जोराच्या धारेनें त्याचे पातळ पत्रे वाकतात. फ्यूज बदलला, आणि गॅस यंत्रानें काढून घेऊन वजन करून नेमका भरला. पुढें नागपूरपर्यंत मातुःश्री शांत झोपल्या.

ध्यानांत ठेवा कीं, गॅस पेट्रोलप्रमाणें जळून संपत नाहीं. तो पुष्कळ कमी झाला, तर गळती शोधून बुजविल्यावांचून नवा भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. यांत हानि केवळ पैशाची नाहीं. पूर्वींच्या गाड्यांत आर-१२ वापरीत. अशा पदार्थांपासून ओझोनच्या थरास धोका असल्याचें मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखविलें, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें ते बंद करण्याचा मार्ग आंखला गेला. आर-१३४ए ओझोनचा नाश करीत नाहीं; परंतु पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ति शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायॉक्साइडच्या १,३०० पटींहून अधिक आहे. म्हणून अशा पदार्थांचा वापर घटविण्याचें २०१६ सालीं किगाली येथें ठरलें, व भारतानें त्यास २०२१ सालीं मान्यता दिली. आपण गाडी गार करण्यासाठीं सोडलेला वायु सर्वांचेंच अंगण तापवितो.

पालकांस दोन शब्द. तापलेल्या गाडींत बसतांच कांचा उघडून कोंडलेली हवा जाऊं द्यावी, मग कांचा लावून आंतलीच हवा फिरवावी. गॅसच्या नळ्या घरीं कधींहि उघडूं नयेत. उडालेल्या द्रवानें कातडी व डोळे गोठून इजा होते. बॉनेट उघडल्यावर पंख्यापाशीं बोट नेऊं नये. तो आपोआप सुरू होऊं शकतो. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवूं नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. आणि बंद गाडींत मुलास एकटें क्षणभरहि ठेवूं नये, एसी चालू असला तरीहि.

१९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें असें यंत्र बसविलेली मोटार लोकांपुढें आणली, तेव्हां तें श्रीमंतांचें कौतुक होतें. आज १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनींत तें बसविण्याचा नियम आपल्या देशांत आहे. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर भर दुपारीं मालमोटार हांकणाऱ्या माणसाचा विचार केला, म्हणजे या नियमाचें मोल कळतें. तुमच्यांपैकीं कांहीं जण उद्यां हींच यंत्रें दुरुस्त करतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, गाडी समोर आली असतां गॅसच्या नळीला हात घालण्यापूर्वीं थोडें थांबा, पाहा, ऐका, मोजा. त्या वृद्ध मिस्त्र्यानें तेंच केलें, आणि एका गरीब चालकाचे तिसऱ्या वेळचे पैसे वांचविले.