वरचा आकडा, खालचा आकडा



सलमानियात आपल्या वर्गाजवळ एवढे मोठे सरकारी हॉस्पिटल आहे, याचा धीर वाटतो. पण हृदयविकाराने तिथे जायची वेळच येऊ नये म्हणून घरी काय करता येईल, ते या पाठात पाहू.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या तपासणीत आमचा रक्तदाब १३८/८८ निघाला. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. "थोडाच तर आहे," म्हणून आम्ही कागद कपाटात टाकला. आमच्या सौभाग्यवतींनी तो बाहेर काढला आणि आमच्या वडिलांची आठवण दिली. साताऱ्याला असताना वडिलांनी "आता बरे वाटते" म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. दोन वर्षांनी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो.

आकडे काय सांगतात?
हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांत जो दाब असतो तो वरचा आकडा. ते सैल पडते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या खाली उत्तम. १४०/९० पासून पुढे उच्च रक्तदाब असे बहुतेक देशांत मानतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली ही रेषा १३०/८० वर आणली. कारण मधल्या पट्ट्यातही नुकसान होतच असते. पंप रोज जादा दाबाने चालला तर पाइप गळेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तसेच इथे. रक्तवाहिन्या कडक होतात, आतून चरबी साचते, हृदयाची भिंत जाड होते.

मोजावा कसा?
आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून लिहावे. असे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करून वही डॉक्टरांना दाखवावी.

आम्ही काय केले?
"बहारीनमध्ये घाम येतो, मीठ हवेच," असे आम्ही म्हणत असू. पण आम्ही तर एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणारे! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. पापड, लोणचे, फरसाण आणि खुबूसमधले मीठही त्यातच धरायचे. आम्ही ताटात वरून मीठ घेणे बंद केले, लोणचे रविवारपुरते ठेवले. रोज अर्धा तास चालतो, उन्हाळ्यात मॉलमध्ये. तीन महिन्यांनी १२८/८० आला.

सर्वांचा असाच उतरेल असे नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती घ्यावी, आणि बरे वाटले तरी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये. छातीत दुखून दरदरून घाम आला तर वाट न पाहता ९९९ ला फोन करावा.

गृहपाठ
१. घरातल्या लोणच्याच्या बाटलीवर सोडियम किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते पाहा. त्याला २.५ ने गुणा. तेवढे मिलिग्रॅम मीठ. उदा. २००० × २.५ = ५००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम.
२. आजी-आजोबांना फोन करून मराठीत विचारा: "आज गोळी घेतली का?"