तुम्हाला कधी कळलं?

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात मी आधी क्वालिटीत होतो, मग ‘प्रॉडक्ट सेफ्टी’ बघू लागलो. मी वकील नव्हे. पण तिकडच्या वकिलांना जुने कागद शोधून देण्यात आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात नोकरीची शेवटची वर्षं गेली. त्यातून जे उमगलं ते असं.

१. माल सदोष होता की नाही, यावर दोन्हीकडचे तज्ज्ञ भांडत बसतात. खटल्याचा जीव मात्र दुसऱ्याच प्रश्नात असतो: कंपनीला कधी कळलं, आणि कळल्यावर तिनं काय केलं? फोर्ड पिंटो प्रकरणात १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं साध्या भरपाईच्या वर साडेबारा कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली आणि १९८१ मध्ये अपिलात तेवढी कायम राहिली. निव्वळ टाकीच्या रचनेवर ज्युरी एवढी खवळत नाही. मागून धडक बसली की टाकी फुटते, हे चाचण्यांत दिसलेलं असूनही गाडी तशीच विकली, हा राग होता. आपल्याकडे अशा रकमा कोर्टात ऐकू येत नाहीत, त्यामुळे शॉपवरच्या माणसाला यातलं गांभीर्य पटवणं अवघड जातं.

२. पार्ट बदलला की पार्ट नंबर बदला. नवीन मुलांना मी सगळ्यात जास्त छळलं ते यावरून.

जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच गुडघा लागला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड असला तरी फिरायचा. इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. २००६ मध्ये कंपनीच्या एका इंजिनिअरनं स्विचमधला प्लंजर आणि स्प्रिंग बदलायला मंजुरी दिली. दुरुस्ती बरोबर होती, पण पार्ट नंबर जुनाच राहिला. पुढची कित्येक वर्षं कंपनीचेच तपासनीस चक्रावून जात होते, की नंतरच्या गाड्यांत ही तक्रार का नाही? कागदावर तर काहीच बदललेलं नव्हतं. शेवटी जॉर्जियातल्या एका खटल्यात वादीच्या बाजूच्या तज्ज्ञानं जुना-नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा गुपित फुटलं. २०१४ मध्ये त्या स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ मध्ये सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड झाली.

नंबर का बदलत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. नवा नंबर म्हणजे पुन्हा पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं), नवी लेबलं, वेगळा स्टॉक आणि ग्राहकाची मंजुरी, त्यात महिनाअखेर डोक्यावर. ‘सर, एवढासा तर बदल आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते उच्चारणाऱ्याचा चेहराही आता आठवत नाही. असा लपलेला बदल कोर्टात दुरुस्ती म्हणून दिसत नाही. दोष कळला होता, याचा पुरावा म्हणून दिसतो.

३. शब्दांवर बंदी घालून धोका टळत नाही. त्याच जनरल मोटर्सच्या २००८ च्या प्रशिक्षणात काय लिहायचं नाही त्याची यादीच दिली होती. ‘डिफेक्ट’ नको, ‘डझ नॉट परफॉर्म टू डिझाइन’ म्हणा. २०१४ मध्ये ती यादी जगजाहीर झाली आणि कंपनीचं हसं झालं. भडक विशेषणं नकोत, हे मलाही मान्य. पण तडा गेला असेल तर ‘तडा गेला’ असंच लिहायचं: कुठल्या बॅचला, किती तासांच्या चाचणीनंतर, आणि त्यावर कोणी काय ठरवलं. एफएमईएमध्ये, म्हणजे संभाव्य बिघाडांच्या तक्त्यात, गंभीरता दहापैकी नऊ लिहायची आणि पुढचा कृतीचा रकाना कोरा सोडायचा, याहून वाईट कागद मी पाहिलेला नाही.

४. खटल्याची चाहूल लागली की फायली आणि मेल नष्ट करणं तिथल्या तिथे थांबवायचं. दिवाळीच्या साफसफाईत जुने चाचणी-अहवाल रद्दीत जातात, म्हणून कपाटांना मी चिठ्ठ्या लावत असे. लोक हसायचे.

५. मेलमध्ये लीगलवाल्यांना सीसी केलं म्हणजे मजकूर गोपनीय झाला, ही समजूत सगळीकडे आहे. अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन निकालानं कंपनीच्या वकिलाशी कर्मचाऱ्यांनी कायदेशीर सल्ल्यासाठी केलेल्या बोलण्याला संरक्षण दिलं, पण मूळ घटना झाकण्याला नाही. युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात, युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत पगारी वकिलाला हे संरक्षण नाकारलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये सांगितलं, की पगारी वकिलाला वकिली करणाऱ्या वकिलाइतकं संरक्षण नाही. म्हणजे एकच मेल तीन ठिकाणी तीन प्रकारे वाचला जाऊ शकतो.

६. एका देशात कळलं ते सगळीकडे कळलं असंच धरलं जातं. फोर्डनं सौदी अरेबियात फायरस्टोनचे टायर बदलून दिले आणि अमेरिकेतल्या गाड्यांवर ते तसेच फिरत राहिले. २००० साली ६५ लाख टायर परत मागवल्यावर अमेरिकेनं ‘ट्रेड’ (TREAD) कायदा केला. त्यानुसार, तिथे विकल्या जाणाऱ्या गाडीसारखीच गाडी परदेशात परत बोलावायची ठरली, तर पाच कामकाजाच्या दिवसांत तिकडच्या यंत्रणेला कळवावं लागतं. चाकणला दिवाळीची सुट्टी होती, हे कारण मी तरी पुढे केलं नसतं.

उलट बाजूही आपण पाहिली. डेप्यू या कंपनीचे एएसआर जातीचे कृत्रिम खुबे ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून २००९ च्या अखेरीस निघाले, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. महाराष्ट्राच्या एफडीएनं २०११ मध्ये माहीम पोलिसांत तक्रार केली. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. इथे केंद्राची समिती नेमायलाच २०१७ उजाडलं. तिनं प्रत्येक रुग्णाला किमान २० लाखांची शिफारस केली. कंपनी तीच, मालही तोच. ज्या देशात दावा महाग पडतो तिथला रुग्ण आधी दिसतो, हे मी आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे आणि ते मला कधी रुचलं नाही.

७. करारातलं इन्डेम्निटीचं, म्हणजे नुकसान कोणी भरायचं याचं, कलम परचेसवाल्यांवर सोडू नका. गाडी बनवणारा रिकॉलचा खर्च सुटा भाग पुरवणाऱ्याच्या माथी मारू पाहतोच. विम्यात अमेरिका-कॅनडा धरलेत का आणि रिकॉलचा खर्च वेगळा घेतलाय का, हे पॉलिसी उघडून बघायचं. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतोच.

८. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं उत्पादन-दायित्वाचं प्रकरण जुलै २०२० पासून लागू आहे. एक्स्प्रेस वॉरंटी दिली असेल, तर ती देताना निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनं सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली. युरोपची उत्पादन-दायित्वाची नवी नियमावली ९ डिसेंबर २०२६ पासूनच्या मालाला लागू होतेय. तिच्यात सॉफ्टवेअरही ‘उत्पादन’ आहे. शिवाय न्यायालयानं मागितलेले कागद कंपनीनं दिले नाहीत, तर माल सदोष होता असंच गृहीत धरलं जाईल. आता कपाटांच्या जोडीला सर्व्हरवरही चिठ्ठ्या लावाव्या लागतील.