वारा आणि छप्पर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. तिथे वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. मग ते घाट चढले. आपल्या आंबेगाव-जुन्नरकडेही घरांचे पत्रे उडाले. भिंती उभ्या, पण छप्पर गेले. असे का झाले?

अवसरी खुर्दच्या मुलांबरोबर आम्ही हे करून पाहिले. तुम्हीही करा.

पुठ्ठ्याचे घर करा. त्याला दार ठेवा. जाड कागदाचे छप्पर वर नुसते टेकवा. दारासमोर पंखा लावा. छप्पर उडाले ना? वरून जाणारा वारा छपराला ओढतो. दारातून शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो.

आता छपरावर बारीक खडे ठेवा. पंखा जोरात करा. छप्पर उचलते, खडे गडगडतात. आपणही पत्र्यावर धोंडे ठेवतो. तो धोंडा निजलेल्या लेकरावर पडला तर?

खडे काढा. छप्पर दोऱ्याने भिंतींशी बांधा. घर फळीला चिकटवा. आता छप्पर थरथरते, पण उडत नाही.

खऱ्या घराचेही असेच आहे. पत्रा वाशाला हुकाने आवळा. वासा भिंतीला बांधा. भिंत पायात पक्की हवी. एक जागा सैल, तर सारे फुकट. कडेला ओढ जास्त असते. तिथे हूक जास्त घाला.

मृगाआधीच एकेक हूक तपासा. वारा सुटल्यावर वर चढू नका.

प्रश्न : तुमच्या घराचे छप्पर कशाने धरले आहे? वजनाने की बांधणीने?