संहिता, प्रयोग आणि श्रोता : बॉब डिलन यांच्या मैफलींच्या निमित्ताने

ध्वनिमुद्रित गीत मुखोद्गत असलेला रसिक तेच गीत ऐकण्यासाठी पुन्हा तिकीट काढून का जातो, हा प्रश्न मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या बाबतीत तो अधिकच टोकदार होतो. १९८८ साली सुरू झालेली त्यांची दौऱ्यांची मालिका दशकानुदशके चालली. पण रंगमंचावर ते श्रोत्यांशी क्वचितच बोलतात आणि चाल, लय, प्रसंगी शब्दही असे बदलतात की जाणकारालाही पुष्कळदा गीत चटकन ओळखू येत नाही. १९६६ साली मँचेस्टर येथे, विजेच्या गिटारीवर रुष्ट झालेल्या एका श्रोत्याने त्यांना विश्वासघातकी जुडासच्या नावाने हिणवले होते. पुढील पिढ्यांतील चाहते मात्र नेमक्या या अनपेक्षिततेसाठीच गावोगाव त्यांच्या मागे जातात, चोरून केलेली ध्वनिमुद्रणे जपतात, पाठभेद ताडून पाहतात. तुकोबांच्या गाथेच्या पाठचिकित्सकाला हा उद्योग ओळखीचा वाटावा. फरक एवढाच, की येथे मूळ पाठ निश्चित करण्याची कोणालाच निकड नाही. २०१६ साली डिलन यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर गीताला साहित्य म्हणावे काय, असा वाद झाला. त्या वादात मुख्यतः कागदावरील शब्दच तोलले गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. श्रोत्याच्या अपेक्षाभंगातून सभागृहात घडणारा अर्थ त्या तराजूत पडलाच नाही.