घरखरेदी आणि दलालाची कर्तव्ये

आयुष्यभराची पुंजी घरात गुंतविणारे कुटुंब पुष्कळदा दलालाच्या शब्दावर विसंबते. त्या शब्दाला स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने कायद्याचे बंधन घातले. नोंदणीकृत प्रकल्पातील घरविक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे स्वतःची नोंदणी करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे काम ‘महारेरा’कडे आहे. प्रकल्पात नसलेल्या सोयींची ग्वाही देणे त्याला वर्ज्य असून, घर नोंदविताना ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य होय. कसूर केल्यास दररोज १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. यास्तव इसाराची रक्कम देण्यापूर्वी ग्राहकाने दलालाचा नोंदणी क्रमांक अवश्य पडताळून पाहावा.